एक पेर उरतं

रतनबाई मढवींना कुणी वय विचारलं की त्यांचा पारा चढायचा. वय सांगायला त्यांची ना नव्हती. शहाऐंशी म्हणा, सत्त्याऐंशी म्हणा, जन्माच्या वेळी खडवलीला त्यांच्या माहेरी कॅलेंडर नव्हतं एवढंच. पण विचारणारा माणूस पुढच्याच श्वासाला "या वयात" असं म्हणणार, हे ठरलेलं. या वयात जिना चढता? या वयात सुकट खाता? या वयात लग्नात गाता? गेल्या काही महिन्यांत हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की कुणी तोंड उघडायच्या आधीच त्या हात वर करून म्हणायच्या, "हां, या वयात. पुढं बोल."

आता त्या गातात ते काय, तेही सांगायला हवं. डोंबिवली पूर्वेला जिथं आज टॉवरला टॉवर लागलेत, तिथं मध्येच उंबरपाडा नावाचं जुनं आगऱ्यांचं गाव अजून तग धरून आहे. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. मांडवाच्या दिवशी ती धवला गाते. आधी देवांना बोलावते, मग गावदेवीला, आणि मग गावातल्या गेलेल्या माणसांना एकेकाला नावानं हाक मारून लग्नाला या म्हणते. ज्याचं नाव राहिलं तो मांडवाबाहेर ताटकळत उभा राहतो, असं म्हातारी माणसं मानतात. रतनबाई साठ वर्षं उंबरपाड्याच्या धवलारीण होत्या. एका लग्नात डीजेवाल्यानं त्यांचा धवला चालू असतानाच आवाज वाढवला, तर बाईंनी उठून स्वतःच्या हातानं जनरेटर बंद केला आणि परत येऊन नेमक्या त्याच ओळीवर गाणं उचललं. वऱ्हाड अंधारात, पण ओळ चुकली नाही.

नावं होती अठ्ठेचाळीस. वहीत नाहीत, डोक्यात. त्यांच्या सासूनं ती शिकवली होती, भात पाखडता पाखडता. चुकलं की सुपानं पाठीत. सासूची युक्ती अशी होती, की नावं पाठ करायचीच नाहीत, गल्ली चालायची. मनातल्या मनात गावदेवीच्या देवळापासून निघायचं, उजव्या हाताची घरं घेत विहिरीपर्यंत जायचं, तिथून वळून डाव्या हाताची घरं घेत आपल्या उंबऱ्याशी यायचं. प्रत्येक दारात जो गेला त्याला हाक मारायची. आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत राहायचा. एका हाताची बारा पेरं, चार फेरे, अठ्ठेचाळीस. शेवटचं नाव सासूचं, तेव्हा अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर यायचा. आला की हिशेब बरोबर.

तर अशा बाईंच्या पोटात, सकाळी साफ होत नाही म्हणून केलेल्या सोनोग्राफीत, भलतंच निघालं. काळजापासून खाली जाणारी मोठी नस बेंबीच्या वर फुगली होती. साडेसहा सेंटिमीटर. सोनोग्राफीवाल्या मुलीनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं डॉक्टरला, आणि तिघं मिळून पडद्याकडे असे बघू लागले जसे काही त्यांना तिथं लॉटरीचा नंबर दिसतोय.

"काय झायला? मना पन सांगा," रतनबाई म्हणाल्या.

"काही नाही आजी. सोबत कोण आहे?"

सोबत मुलगा सहदेव होता. वागळे इस्टेटच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेला, बासष्ट वर्षांचा, आणि आईपेक्षा म्हातारा. त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरात भावकी जमली. रतनबाई मधल्या खुर्चीत बसलेल्या, आणि चर्चा त्यांच्या डोक्यावरून. "या वयात चिरफाड नको." "हल्ली चिरत नाय, जांघेतून घालतात." "फुटली तर?" "आता किती दिवस तसं पन?" रतनबाईंना वाटलं, आपण जुनं कपाट आहोत आणि हे लोक ते कुठल्या खोलीत सरकवायचं हे ठरवतायत. त्यांचा दीर तानाजी, स्वतः एक्क्याऐंशीचा, डुलकीतून उठून म्हणाला, "वैनीला काय तरास नाय ना? मंग ऱ्हावदे."

"मना तरास तुमचा हाय," रतनबाई म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या.

ठाण्यात माजिवड्याच्या पुढं एक मोठं हॉस्पिटल आहे. तिथं डॉक्टर देवेश म्हणून नसांचे तज्ज्ञ. चाळिशीचा गोरटेला माणूस, टेबलावर प्लास्टिकची नस, आणि सगळं बोलणं सहदेवशी. "आजींची अॅनाटॉमी चांगली आहे. आजींना स्पायनल देऊ. आजींच्या किडन्या बघाव्या लागतील." रतनबाईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग ती प्लास्टिकची नस उचलून आपल्या मांडीवर ठेवली.

"ही माजी हाय ना? मंग मना सांग. त्याचं कान दुखतील."

डॉक्टरला हसू आलं. त्यानं खुर्ची फिरवली. आणि हे त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं, की एकदा खुर्ची फिरवल्यावर त्यानं काही लपवलं नाही. नस कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणाला. उद्या, दोन वर्षांनी, कदाचित कधीच नाही. पण एवढी फुगलेली नस फुटली तर बहुतेक माणसं हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. पोट उघडून दुरुस्ती करायची तर तुमच्या वयाला झेपणार नाही. त्याऐवजी दोन्ही जांघांतून बारीक नळीनं आत कापडी अस्तर बसवायचं, सायकलच्या ट्यूबला आतून तुकडा लावतात तसं. शंभर म्हाताऱ्यांत दोन-चार त्यातही दगावतात. बाकीचे चार-पाच दिवसांत घरी जातात. काहींच्या अस्तराच्या कडेनं गळतं, म्हणून आयुष्यभर दरवर्षी तपासायचं. फोटोसाठी नसेत सोडतात त्या रंगाच्या औषधानं किडनी रुसू शकते.

"आनि टकुरं?" रतनबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"डोकं. डोक्याचं काय होतं?"

"काही म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर भ्रम होतो. बडबडतात, माणसं ओळखत नाहीत. बहुतेकांचं चार-आठ दिवसांत पूर्ववत होतं. एखाद्याचं थोडं राहून जातं."

"थोडं म्हंजी कंचं थोडं?"

"ते आधी सांगता येत नाही, आजी."

रतनबाईंनी डोळे मिटले. सहदेवला वाटलं आई घाबरली. ती घाबरली नव्हती, मांडणी करत होती. नात ऐश्वर्याचं लग्न दोन महिन्यांवर. नस त्याआधी फुटली तर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नावं चितेवर. कारण साठ वर्षांत एकीनंही ती शिकून घेतली नव्हती. सुना म्हणाल्या वेळ नाही, पुतण्या म्हणाल्या यूट्यूबवर मिळेल. ऑपरेशन केलं तर फार तर थोडी जातील.

"कर," त्या म्हणाल्या. "पन नरड्यात नली घालू नको. नरडं मना लागतंय."

ऑपरेशन दोन तासांत झालं. कमरेखाली बधिर, वर जाग्या. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर कुणाशी तरी वडापावबद्दल बोलत होता आणि त्याचा हात आपल्या जांघेत आहे, याचा रतनबाईंना मनस्वी राग आला. भेटायला आलेल्या भावकीची निराशा तर विचारू नका. चादर जरा बाजूला करून त्यांनी जांघेतल्या दोन बारक्या पट्ट्या बघितल्या. तानाजी म्हणाला, "एवराच?" ठाण्यापर्यंत येण्याचे कष्ट फुकट गेल्यासारखं त्याचं तोंड झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं उचलून झाल्यावर, आसपास जरा शांत झालं. सहदेव खाली चहाला गेला होता. रतनबाईंनी ठरवलं, आता बघायचं, काय राहिलं आणि काय गेलं. डोळे मिटले, देवळापाशी उभ्या राहिल्या, आणि हलक्या आवाजात पहिली हाक मारली. ये रं हाशा, ये गो जनी, ये रं वालकू. अंगठा पेरांवर.

सहदेव चहा घेऊन दारात आला तेव्हा आई छताकडे तोंड करून, हात हलवत, एकेका मेलेल्या माणसाला बोलावत होती.

"सिस्टर!" तो ओरडला. "आयेला मेलेली मानसं दिसतायत!"

मग धावपळ. एक तरुण डॉक्टर आला, चष्म्याचा. "आजी, इकडे बघा. आज तारीख काय?"

रतनबाईंचं तेविसावं नाव चाललं होतं. त्यांनी बोटानं थांब अशी खूण केली.

"आजी, तुम्ही कुठं आहात?"

"विहिरीपाशी," त्या वैतागून म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं.

चष्मा सहदेवकडे वळला. "भ्रम झालाय. झोपेचं इंजेक्शन देऊ, शांत होतील. नाहीतर सुया उपसतील." सुई भरली गेली. रतनबाईंना सगळं ऐकू येत होतं. झोपेचं औषध डोक्यात गेलं तर ही गल्ली परत सापडेल का? पण मध्ये थांबलं की पहिल्यापासून, हा सासूचा नियम. त्या गात राहिल्या आणि त्यांनी रागानं हात चादरीखाली घेतला.

त्या वॉर्डची सिस्टर मर्सी म्हणून होती, ठाण्याच्याच जुन्या ख्रिस्ती घरातली, निवृत्तीला आलेली. ती पलंगाच्या पायथ्याशी मान तिरकी करून उभी होती.

"थांबा, डॉक्टर."

"सिस्टर, पेशंट कन्फ्यूज्ड आहे."

"पेशंट गातेय. चाल बघा ना, एकदाही सुटली नाही. भ्रमातलं माणूस चाल सांभाळत नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी माझी आजी अश्शीच गायची, तिला मध्ये कुणी टोकलं की पायताण काढायची. थांबा पाच मिनिटं."

चष्म्यानं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं तिघं उभे राहिले. रतनबाई डाव्या बाजूची घरं घेत आपल्या उंबऱ्याशी आल्या, सासूला हाक मारली आणि डोळे उघडले.

"आता विचार काय विचारायचं ते. तारीख मना ठाव नाय, माजा मोबाइल तुमीच काढून घेतला. माजिवड्याच्या फुडं तुमच्या पलंगावर हाय. हा माजा पोर, रडतोय तो. आनि तुना लगीन झाल्याबिगर अक्कल येनार नाय."

मर्सी खो खो हसली. सुई परत ट्रेमध्ये गेली. पण रतनबाई हसल्या नाहीत. त्या चादरीखालून काढलेल्या हाताकडे बघत होत्या. सासूचं नाव झालं होतं आणि अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता. एक पेर उरत होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस.

पाचव्या दिवशी घरी आल्या. वजन उचलू नका, उकिडव्या बसू नका, भरपूर पाणी प्या. सून दर तासाला तांब्या घेऊन हजर. रतनबाईंचं लक्ष कशातच नव्हतं. गल्ली सगळी दिसत होती, उजव्या हाताला काथोडच्या घरापर्यंत. मग विहीर. पण काथोडचं घर आणि विहीर यांच्या मध्ये काहीतरी होतं. एक दार. कुणाचं, ते येत नव्हतं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं मन सारखं तिथं जायचं. कोण बाहेर राहिलं? बाई की बाप्या? भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. तानाजी म्हणाला, "काथोडच्या बाजूला काथोडच." याला विचारलं हीच आपली चूक, असं रतनबाईंनी त्याला तोंडावर सांगितलं.

ऐश्वर्या कल्याणच्या बँकेत कामाला होती. तिनं आजीची तगमग बघून फोन काढला. "आजी, चिल. तू ऑपरेशनच्या आधी किचनमध्ये बसून गायलेलीस ना, मी रेकॉर्ड केलेलं. थांब."

रतनबाईंचा जीव भांड्यात पडला. दोघी कान लावून बसल्या. हाशा आला, जनी आली, वालकू आला, सगळी उजवी बाजू आली, काथोड आला, आणि तेवढ्यात मागून घर्रर्र करून मिक्सर. खोबरं वाटल्याचा आवाज. तो थांबला तेव्हा रतनबाई विहीर ओलांडून पलीकडे गेल्या होत्या.

"शिट," ऐश्वर्या म्हणाली.

"तुज्या आयेला सांग," रतनबाई दातओठ खात म्हणाल्या, "आजपासून खोबरं पाट्यावर वाट."

सहदेवनं समजूत घालायला बघितलं. "आये, सत्तेचालीस काय, अठ्ठेचालीस काय. मांडवात कोन मोजतंय?" त्यावर दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यानं म्हटलं ते खरं होतं, हाच तर राग होता. कुणीच मोजत नव्हतं.

महिन्याभरानं तपासणीला माजिवड्याला गेल्या. डॉक्टर देवेशनं फिल्म दिव्यासमोर धरली आणि त्याचा चेहरा खुलला. अस्तर जागेवर. गळती नाही. किडनी पूर्वीसारखी. फुगा दोन मिलिमीटर आकसलाय. "आजी, एक नंबर निकाल! या वयात..." त्यानं जीभ चावली. "असा निकाल मला दरवेळी मिळत नाही."

"तुजा निकाल चांगला," रतनबाई म्हणाल्या. "माजा एक कमी."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. गल्ली, पेरं, मिक्सर. तो ऐकत राहिला, बाहेर चार पेशंट खोळंबले तरी. शेवटी म्हणाला, "आजी, हे माझ्या रिपोर्टात कुठं लिहायचं मला माहीत नाही. आणि परत येईल असं खोटं सांगणार नाही. ऑपरेशननं गेलं की वयानं, तेही कळायला मार्ग नाही. पण तुम्ही घरात बसून आहात ते बंद करा. चालायला लागा. रोज अर्धा तास, सपाट रस्त्यानं."

घरच्यांनी त्याचा अर्थ लावला गच्ची. सून बरोबर, हातात पाण्याची बाटली, टाकीभोवती गोल गोल. रतनबाईंनी घाण्याच्या बैलासारखे आठ दिवस काढले. नवव्या दिवशी, लग्न दहा दिवसांवर आलं असताना, टाकीला विसावा फेरा घालताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मनात चालून सापडत नाही, तर पायानं का चालू नये? डॉक्टरनंच तर सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून मासळीबाजारात, सहदेव आंघोळीत. रतनबाईंनी काठी घेतली आणि निघाल्या.

गावदेवीच्या देवळाला टाइल्स लागल्या होत्या, पण देवी तीच. तिथून उजवा हात. हाशाच्या घरी मोबाइलचं दुकान. जनीचं घर जिम झालं होतं, आत आरशासमोर पोरं घाम गाळत होती. वालकूच्या जागी पाच मजले, खाली ब्युटी पार्लर. एकेका दारापाशी थांबून रतनबाई नाव पुटपुटायच्या, अंगठा पुढं. लोक बघायचे. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, चुकलाव का?" त्या म्हणाल्या, "गावच चुकलंय, मी नाय."

काथोडच्या घरापाशी पोचल्या तेव्हा ऊन तापलं होतं आणि जांघेत जरा ओढ लागत होती. काथोडच्या पुढं रस्ता संपत होता. तिथं मोठं फाटक, पलीकडे बावीस मजली टॉवर, आणि विहीर त्याच्या पोटात कुठंतरी बुजलेली. फाटकाशी पत्र्याची केबिन. रतनबाई फाटकासमोर उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. काही येईना. त्यांना आता स्वतःचाच संताप आला. शहाऐंशी वर्षांची बाई, पोटात कापडाचं अस्तर, रस्त्यात उभी राहून फाटकाकडे बघतेय, कशासाठी?

केबिनमधून वॉचमन बाहेर आला. उत्तरेकडचा, मिशीवाला, हातात रजिस्टर. "माताजी, किसके यहाँ जाना है?"

"हां?"

"नाम बोलिए. किसके घर? लिखना पड़ता है."

विचार करायला वेळच नव्हता. माणूस पेन उघडून समोर उभा होता, दारात उभं राहून विचारावं तसं विचारत होता, आणि रतनबाईंच्या तोंडानं त्यांना न विचारता उत्तर दिलं.

"बामी."

त्यांनी स्वतःच ते ऐकलं. बामी! काथोडच्या पलीकडची, विहिरीच्या अलीकडची, कुडाच्या घरातली बामी सुईण. नवरा मिठागरावर गेला तो आलाच नाही, पोटी मूलबाळ नाही. पाण्याला जाताना रोज तिच्या दारावरून जायचं आणि ती आतून ओरडायची, कोन गो? सहदेव पायाळू होता, दीड दिवस अडला होता. बामीनं दोरीसारख्या हातांनी त्याला फिरवून बाहेर काढला आणि वर म्हणाली, हा आयुष्यभर उलटाच चालनार. तिचं नाव घेणारं जगात दुसरं कोणीच नव्हतं. धवल्यात राहिली असती तर कायमची राहिली असती.

"बामी," वॉचमननं येणाऱ्याच्या नावाच्या खान्यात लिहिलं. "कौनसा फ्लॅट?"

"फ्लॅट नाय. घर. इधरच. तुम जिधर खडा है ना, वो उसका दरवाजा."

वॉचमननं पायाखाली पाहिलं आणि नकळत एक पाऊल बाजूला सरकला.

तेवढ्यात स्कूटर कचकन थांबली. सहदेव, ओल्या केसांवर हेल्मेट, बनियन उलटं. मागं ऐश्वर्या. "आये! अर्धा गाव पालथा घातला! या वयात..."

"गप. उतर. पाया पड."

"कोनाच्या?"

"तुना उलटा आलेला सुलटा केलान, तिच्या. हितं ऱ्हायची. पड म्हनते ना!"

सहदेवला काही कळलं नाही, पण बासष्ट वर्षांच्या सवयीनं तो हेल्मेटसकट फाटकाला वाकला. वॉचमननं घाईघाईनं त्याला सलाम केला. ऐश्वर्यानं काही न विचारता फोन काढला.

"आजी, इथं मिक्सर नाहीये," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हण. मी पण मागून म्हणते, चुकलं तर मार."

रतनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. वॉचमननं स्वतःची खुर्ची आणून दिली होती. बसण्याआधी त्यांना एक राहिलेलं काम आठवलं. वॉचमन रजिस्टर मिटत होता.

"भैया, वो आखरी में खाना कोरा क्यूं रखा?"

"बाहर जाने का टाइम है माताजी. वो जब निकलेंगी तब भरेंगे."

"अभी लिख," रतनबाई म्हणाल्या. "उन्नीस तारीख, सुबे. हमारे मांडव में आनेवाली है."